आंब्याच्या पेटीतला भात

योगिनीबद्दल मी लिहावं, इतका मी तिला ओळखत नव्हतो. दोन वर्षं ती माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहिली, मध्ये एकेरी विटेची भिंत, तरी तिला भावंडं किती हे आज कोणी विचारलं तर मला नक्की सांगता येणार नाही. एक भाऊ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचा, एवढं आठवतं. ती कशावर हसायची ते माहीत आहे. रडायची का, ते माहीत नाही. तिचं मला एकच नीट ठाऊक आहे: ती काय शिजवायची, कसं शिजवायची आणि त्यातलं किती खायची. वाचनालयाच्या अंकासाठी गुरुदास ग्रंथपाल मागे लागले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग तेवढंच लिहा, दाजी." माझा जन्म तहसील कचेरीत गेला. लिहिलं ते सगळं साहेबांच्या सहीसाठी. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

ती आली दोन हजार सालच्या जुलैत, आईबरोबर. कणकवलीत तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. आई तुळसा तळाशीलची, मालवणच्या बाजारात मासे विकायला बसणारी. खोली म्हणजे पूर्वी आमची लाकडं ठेवायची जागा. पण उंबऱ्यावर उभी राहून तुळसा खोलीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"हय मासे शिजवलेले चलतले मां?"

"चलतले. सोमवार तेवढो सोडून."

"सोमवारी आमी तरी खंय खातंव! आणि तुमी खंय जेवतास?"

माझी बायको सरला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "खानावळीतसून डबो येता."

"म्हणान असे दिसतास," तुळसा म्हणाली.

मागे मुलगी ओठ दाबून हसत होती. हीच योगिनी.

निघताना तुळसाने मुलीचा हात धरून माझ्यासमोर केला. कासाराकडून भरून आणलेल्या हिरव्या बांगड्या, मनगटावर अगदी घट्ट. "दाजीनू, ह्यो बांगड्यो बघून ठेवा. ह्यो आपसून भायर इल्यो की चेडू घराक. मगे शिक्षण रवांदे थंयच."

मुलगी वाळून बांगड्या आपोआप निसटल्या की शिक्षण बंद, ही अट मला तेव्हा विचित्र वाटली. कारण मागाहून कळलं. तुळसाचा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत लागला होता. खानावळीत स्वस्तात जेवायचा, अर्ध्या पोटी राहायचा आणि दर महिन्याला 'मी मजेत आहे' म्हणून पत्र टाकायचा. दोन वर्षांनी परत आला तो क्षय घेऊनच, आणि गेला. तेव्हापासून तुळसाचा पत्रावर विश्वास नव्हता, तोंडच्या शब्दावरही नव्हता. मनगटावर होता.

एकटीने राहून स्वस्तात जेवायचं कसं, हे योगिनी कुठून शिकली होती कोण जाणे. घरचा तांदूळ उकडा. उकडा तांदूळ शिजायला फार वेळ लागतो, म्हणजे रॉकेल फार लागतं. आणि तिचं नाव रेशनकार्डावर तळाशीलला, म्हणजे कणकवलीत रॉकेल तिला मिळणार ते दुकानदाराच्या मर्जीने. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या पडवीतली आंब्याची रिकामी पेटी मागून घेतली. गिरणीवरून भाताचं तूस, म्हणजे टरफलं, भरून आणलं. गिरणीवाले ते फुकट देतात, उलट न्यायला कोणी आलं तर बरंच म्हणतात. सकाळी पातेल्यातल्या भाताला स्टोवर खळखळून उकळी आणायची, झाकण घट्ट लावायचं, पातेलं गोणपाटात गुंडाळून पेटीतल्या तुसात पुरायचं, वर आणखी तूस, आणि जायचं कॉलेजला. दुपारी येऊन उकरलं की भात तयार. रॉकेल लागलं ते फक्त उकळीपुरतं.

त्यातली वरची पातळ पेज दुपारी आल्या आल्या, मीठ घालून. मग भात आणि कुळथाची पिठी. उरलेल्या भातात संध्याकाळी सोलांचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, कालवून, बरोबर स्टोच्या निखाऱ्यागत लाल झालेल्या बर्नरवर भाजलेला एक सुका बांगडा. एक बांगडा दोन दिवस पुरायचा. शेपटीकडचा भाग दुसऱ्या दिवसासाठी. पावसात रस्त्याकडेला टाकळा उगवतो, तो खुडून आणायची. फणसाच्या आठळ्या तिने वाळूत पुरून ठेवल्या होत्या, त्या गणपतीपर्यंत गेल्या. माझ्या खानावळीच्या डब्यातली पाणचट डाळ बघून एकदा म्हणाली, "दाजीनू, ह्या तुमी मोलान घेतास?"

तिच्याकडून मीही शिकायला लागलो. साठी उलटून गेल्यावर. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने तांदूळ धुतले, पाणी जरा कोमट केलं आणि पातेलं तुसात पुरून पेपर वाचत बसलो. दुपारी उकरलं तर भिजलेले तांदूळ कोमट पाण्यात तसेच. योगिनी हातातली वही टाकून हसत सुटली.

"अवो, उकळी येवक नको? पेटी काय जादू करता? आधी उकळी, मगे पेटी!"

"माका वाटला पेटीत येतली उकळी."

"कचेरीत असोच कारभार करी होतास?"

मला राग आला नाही. घरात कोणी माझी थट्टा करून तीन वर्षं झाली होती. खानावळीचा डबा मी त्या महिन्यात बंद केला.

आता डब्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

दर शनिवारी मालवणहून येणाऱ्या अकराच्या एसटीतून तुळसा डबा धाडायची. कडीचा मोठा ॲल्युमिनियमचा डबा, आठवड्याचे तांदूळ, वर सुक्या मासळीची पुरचुंडी. त्यांच्या घरची शेती नव्हती. सुकी मासळी घेऊन आतल्या गावांत जायचं आणि बदल्यात भात आणायचं, असा त्यांचा जुना व्यवहार. योगिनी त्या वेळी कॉलेजात असे, म्हणून डबा उतरवून घ्यायला मी स्टँडवर जायचो आणि ती घरी आली की दुपारच्या गाडीने तोच डबा परत पाठवायचो. कंडक्टर महादू ओळखीचा झाला होता.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा त्यात निदान चार मिरच्या तरी टाकतात. योगिनीही काहीतरी टाकायची. पावसात टाकळा, कधी आमच्या परसातली दोन लिंबं. काहीच नसेल तर आलेल्या तांदळातलेच मूठभर. मी डबा पिशवीत घालून न्यायचो, तो हाताला हलका लागायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला ती घरी जाऊन आली आणि त्यानंतरच्या शनिवारी डबा जड लागला.

मला वाटलं, नारळ असेल. पुढच्या शनिवारी आणखी जड. तिसऱ्या शनिवारी मी स्टँडवरच्या बाकावर बसून कडी काढली. दुसऱ्याचा डबा उघडायचा अधिकार मला नव्हता, हे मला कळत होतं. आत तांदूळ होते. सकाळी आले होते त्यातले जवळजवळ अर्धे.

त्या दिवशी मी घरी आलो आणि पडवीत नुसता फेऱ्या मारत राहिलो. भिंतीपलीकडे तीही फेऱ्या मारत होती. तिला पाठाची टाचणं मोठ्याने म्हणत चालायची सवय होती. 'मुलांनो, आज आपण पाण्याची तीन रूपं पाहणार आहोत.' पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा. पूर्वी जेवताना तो तीन-चारदा यायचा. आता एकदा.

चार दिवसांनी मी धीर करून विचारलं. ती स्टोला पंप मारत होती. पंप मारतच राहिली.

"यंदा रापणीक काय लागणा नाय, दाजीनू. मोठ्यो बोटी भायरच्या भायर मासळी उचलतत. सुकूक घालूक मासळी नाय, मगे बदल्यात भात खंयसून येतला?"

"पण डबो तर भरून येता."

"तोच तर." तिने पंप सोडला. "घरात भाताचो मडको उपडो घातललो बघलंय मी. आवस म्हणता, धुवन ठेवलंय. दिवाळीक कोण मडको धुवन उपडो घालता? ती माका वाढी आणि आपण पाठमोरी बसान पेज पिय. पेज पण नाय, निवळ, वयला नुसता पाणी. आठवड्याचा सगळा माका धाडता."

"मगे तिका सांग, कमी धाड म्हणान."

"सांगलंय काय ती माका घराक न्हेतली. म्हणतली, हय दोघां मिळान खावया. माझा सा म्हयन्याचा शिक्षण रवला हा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी तिका सांगू नकात. शपथ घेवा."

मी शपथ घेतली. कोणाची, ते आता आठवत नाही. बहुधा सरलाची.

त्यानंतरचे चार महिने मी नीट झोपलो नाही, नीट जेवलोही नाही. तिच्या वाटणीचं काही मी खातोय असं उगाच वाटायचं. मी काही कमी केलं असं नाही, पण जे केलं ते उलटं झालं. एकदा मी वाटीभर मटकीची उसळ नेऊन दिली. संध्याकाळी वाटी परत आली ती कुळथाच्या पिठीने भरून. रिकामी वाटी ती परत करणार कशी? मी दुसऱ्यांदा दिलं, तेव्हाही तेच. म्हणजे मी द्यायचो ते तिच्याच पातेल्यातून निघायचं. मग मी देणं बंद केलं. 'माझ्याबरोबरच जेव' असं सरळ म्हणायला हवं होतं. तीनदा तोंडापर्यंत आलं. एकट्या विधुर माणसाने तरुण मुलीला असं म्हणावं का, लोक काय म्हणतील, तीच काय समजेल, या विचारात मी प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोललो. एकदा तर रॉकेलचा भाव विचारला.

बांगड्या सैल झाल्या होत्या. पाणी भरताना ती त्या कोपरापर्यंत सारायची. पुढे तिने मनगटाला दोरा गुंडाळला, गंड्यासारखा, म्हणजे बांगडी त्यावर अडावी. कोणी विचारलं तर म्हणायची, परीक्षेसाठी बांधलाय.

दोन हजार दोनच्या शिमग्यानंतरची गोष्ट. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. मंगळवारी दुपारी मी भात उकरत होतो, तेवढ्यात परसात पावलं वाजली. तुळसा उभी होती. डोक्यावर पाटी नव्हती, हातात तोच कडीचा डबा होता. योगिनी नुकतीच कॉलेजातून आली होती. तुळसाने डबा तिच्यापुढे ठेवला आणि कडी काढली.

"ह्या काय?"

"रिकामो कसो धाडू?" योगिनी म्हणाली.

"रीत माका शिकयतंस? मूठभर घालतत. मूठभर! मी आपली समजलंय चेडू रीतीन वागता, आणि न बघताच वरसून भरी होतंय. मगे एक दिस मापान मोजलंय." तिने पोरीचा हात ओढला, दोरा बघितला, तोडला. बांगडी पंजावरून घसरून सारवलेल्या जमिनीवर पडली. फुटली नाही. आम्ही तिघंही त्या बांगडीकडे बघत राहिलो.

"भर तुझा सामान," तुळसा म्हणाली. आवाज चढवून नाही, हळूच. "माझो भाव असोच गेलो. तेचा पण पॉट भरलला असायचा, पत्रात."

"आवशी, सा आठवडे रवले."

"सा आठवडे तो पण म्हणा होतो."

"माका काय झाला नाय!"

"मगे जेवणस कित्याक नाय?"

योगिनीने खरं सांगितलं तर आईने चार महिने जे लपवलं ते आईच्याच तोंडावर उघडं करायचं. खोटं तिला सुचत नव्हतं. ती पुस्तकं एकावर एक रचायला लागली. मग तुळसा माझ्याकडे वळली.

"दाजीनू, तुमी सांगा. भितीपलीकडे रवतास. चेडू जेवता काय नाय? दुखणा आसा तिका?"

योगिनीने माझ्याकडे बघितलं. नको, असं ते बघणं होतं. बत्तीस वर्षं कचेरीत मी साहेबासमोर कधी आपणहून बोललो नाही. विचारलं तरी 'बघतो' म्हणायची सवय. तेव्हाही तोंडात 'बघतो' असंच आलं होतं. आणि निघालं ते दुसरंच.

"दुखणा नाय. तुमी जेवणास नाय, म्हणान ती जेवणा नाय. तुमचो मडको उपडो बघल्यान तिना."

बोललो आणि मला वाटलं, आता काहीही करून हे परत घेता येणार नाही.

तुळसा आधी तापली. "माका जेवक घालतलंस तू? मासळेची पाटी डोक्यावर घेवन तुका मोठा केलंय, आणि माझे तांदूळ माकाच परत धाडतंस? भीक घालतंस आवशीक?" योगिनी रडेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "तू पाठ करून बसतंस तेव्हा दिसणा नाय काय माका?" तुळसाने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "भात खंय तुझो?"

योगिनीने पेटीकडे बोट दाखवलं. तुळसाने तुसात हात घातला, पातेलं काढलं, झाकण उघडून आत बघितलं. एका माणसाला पुरेल न पुरेल एवढा भात.

"दाजीनू, तुमचो पण हाडा."

माझं पातेलं आणलं. तिने तीन पानं वाढली. सगळ्यात मोठा ढीग स्वतःच्या पानावर. आम्ही दोघं बघत असताना तिने तो सगळा संपवला, शीत न् शीत, मुलीकडे तोंड करून. "बघलंस? आता तू." मग योगिनी जेवली. मीही जेवलो. पिठी पुरली नाही, शेवटचा भात नुसत्या मिठाशी खाल्ला.

हात धुताना तुळसाने अट घातली. "परीक्षा देवन ये. पण डबो रिकामो येवक होयो. रिकामो, पुसललो. रीत मोडली तर मोडांदे, माझ्यावर पाप. एक दाणो जरी परत इलो तर मी न्हेवक इलंय म्हणान समज."

"आणि तू?" योगिनीने विचारलं.

"मी जेवतलंय."

"माका कसा कळतला?"

तुळसाने पडलेली बांगडी उचलून पदराला बांधली.

योगिनी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. मी शपथ मोडली होती. पळी मात्र भिंतीपलीकडे तीनदा वाजायला लागली. शनिवारी मी रिकामा डबा घेऊन स्टँडवर गेलो. दुसऱ्याचा डबा रिकामा न्यायची इतकी लाज वाटली की मी तो पिशवीत घालून वर पेपर ठेवला. महादूने डबा हलवून बघितला.

"दाजीनू, रिकामो? म्हातारपणी हात आखडलो काय?"

"तेंच्या घरातलो हुकूम आसा."

"असलो कसलो हुकूम!" म्हणत त्याने डबा ड्रायव्हरच्या मागे टाकला. तो खडखडत गेला.

पण योगिनीचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. रिकाम्या डब्याने आईला कळत होतं की मुलगी जेवली. आई जेवते की नाही, हे सांगणारं काहीच उलट येत नव्हतं. डबा पूर्वीसारखाच गच्च भरून यायचा. एप्रिलमध्ये एक दिवस मी कोणाला न सांगता मालवणला गेलो. बाजारात तुळसा टोकाला बसली होती. पुढ्यात थोडे पेडवे, त्यावर हाताने माशा वारत होती. जवळ जाऊन विचारावं म्हणून मी दोनदा पुढे झालो आणि दोनदा मागे आलो. शेवटी पलीकडच्या बाईकडून मला नको असलेले बांगडे घेतले, लपायला निमित्त म्हणून. साडेबाराच्या सुमारास तुळसाने मागून एक डबा काढला, आमच्याकडे यायचा त्याहून लहान, आणि जेवायला बसली. डब्यात भात होता की निवळ, ते मला दिसलं नाही. ती पाठमोरी बसली होती.

हे मी योगिनीला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? 'जेवत होती' म्हटलं तरी ते अर्धं खरं झालं असतं. आजही कधी भात उकरताना ती पाठ मला दिसते आणि मी तिथेच थांबतो.

योगिनी परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढच्या वर्षी वैभववाडीकडे शाळेवर लागली. तिथून तिचं एक कार्ड आलं, खाली 'आई बरी आहे' एवढी एक ओळ होती. उत्तर मी तीनदा लिहिलं. आपलं उत्तर फार लांबलचक झालं असं वाटून पोस्टात टाकलं नाही. मग वर्षं गेली आणि टाकायला लाज वाटू लागली. तिची-माझी भेट पुन्हा झालेली नाही.

ती इथून गेली परीक्षेनंतर, त्याच मे महिन्यात, अकराला आलेल्या मालवण गाडीने परत. मी सामान धरायला स्टँडवर होतो. स्टो तिने नेला, पेटी मला ठेवली. खिडकीत बसली तेव्हा कठड्यावर टेकलेल्या तिच्या हातात बांगड्या होत्या, नव्या होत्या की जुन्या ते मी बघितलं नाही. निसटत नव्हत्या एवढं दिसलं. मला तिची माफी मागायची होती. महादूने घंटा मारली, तशी योगिनी खिडकीतून म्हणाली,

"दाजीनू, पावसात तूस बदलशात. दमट झाला की वास मारता."

"बदलतंय."

"आणि आधी उकळी."

"ठावक आसा गो."

"ठावक आसा म्हणतास आणि विसरतास," ती म्हणाली, आणि गाडी हलली.